काट्यावर न चढणारे ओझे

ओझे किती झाले हे ठरविण्याचा अधिकार आपल्या समाजात ओझे वाहणाऱ्याकडे कधीच नव्हता. पुण्याच्या मार्केट यार्डाइतके याचे ढळढळीत उदाहरण दुसरे सापडणार नाही. येथे कांद्यापासून गुळापर्यंत प्रत्येक वस्तू काट्यावर चढते. तोलणार तोलतो, आडत्या पट्टी करतो आणि शेवटी ते पोते हमालाच्या पाठीवर येते. पण शंभर किलोचे पोते माणसाच्या मणक्याचे काय करते, हा प्रश्न कित्येक वर्षे कोणी विचारला नाही. ‘हमालाची पाठच तशी असते’ एवढे उत्तर पुरेसे मानले जात होते. हमालांनी संघटना बांधली, काम बंद ठेवले, पोत्याचे वजन ५० किलोवर आणा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. तेव्हा कुठे हमालाची पाठ हा मजुरीचा आणि कायद्याचा विषय आहे, हे कबूल होऊ लागले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहून न्यावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. त्याच वर्षीच्या ओझ्याविषयीच्या करारास भारताने मान्यता दिली ती २०१० साली.

या लेखात ज्या ओझ्याविषयी लिहावयाचे आहे ते कोणत्याच काट्यावर चढत नाही. आग लागते, भिंत कोसळते, ओढ्याला पूर येतो, साथ येते, गटारात माणूस गुदमरतो. अशा वेळी बाकीचे लोक मागे सरतात आणि काही माणसे पुढे जातात. त्यांना इंग्रजीत ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हणतात. आपण त्यांना ‘पहिले धावणारे’ म्हणू. पहिला धावणारा जे पाहतो, ज्याला हात लावतो, ज्याला वाचवू शकत नाही, ते सारे काम संपल्यावर त्याच्याबरोबर घरी येते. हे मनावरचे पोते कोण वाहतो, ते उतरविण्याची व्यवस्था कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

पहिला धावणारा म्हटले की डोळ्यांपुढे अग्निशमन दलाचा जवान, पोलीस, १०८ क्रमांकाच्या गाडीवरचा डॉक्टर येतो. ते योग्यच आहे. पण यादी तेथे संपत नाही. भुसार बाजारात पोत्यांची थप्पी अंगावर आली तर बंब येण्याआधी धावते ती त्या माणसाची टोळी. कचऱ्याच्या ढिगात टाकून दिलेले अर्भक सापडते तेव्हा ते पहिल्यांदा पाहते ती कचरावेचक बाई. पुरानंतर चिखलातून प्रेत उपसतो तो वस्तीतला पोरगा आणि महापालिकेचा किंवा ठेकेदाराचा सफाई कामगार. शवविच्छेदनाच्या अहवालावर सही डॉक्टरची असते. चिरफाडीला लागलेले हात पुष्कळदा सफाई कामगाराचे असतात. गणवेश असो वा नसो, या सर्वांच्या मनाला होणारी इजा एकाच जातीची आहे. त्या इजेची दखल घेतली जाण्याची पद्धत मात्र जातीजातीप्रमाणे वेगळी आहे.

२

‘पहिला धावणारा’ ही भूमिका आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्याने ती फार पूर्वीच जन्माने वाटून दिली होती. गावात मरण झाले की परगावच्या नातेवाइकांकडे सांगावा घेऊन, वेळ-अवेळ न बघता, धावावयाचे ते महाराने. स्मशानात सरपण पोचवावयाचे ते त्यानेच. मेलेले ढोर ओढावयाचे, बेवारस प्रेताची राखण करावयाची, रात्रीची गस्त घालावयाची, चोरीचा माग काढावयाचा, हेही त्याच्याकडेच. संकट आणि मृत्यू यांच्याशी पहिला स्पर्श ज्याचा, तो गावाला अस्पर्श! या विरोधाभासावर वतन नावाची संस्था उभी होती. मोबदला म्हणून बलुते, म्हणजे मागून आणलेली भाकरी, आणि तुटपुंजी इनाम जमीन.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मेलेली ढोरे ओढण्याचे सोडा असे बजावले आणि १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यामागे केवळ दारिद्र्याचा विचार नव्हता. चोवीस तास कोणाच्याही हाकेला बांधलेला माणूस स्वतःच्या मनाचा मालक राहू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

वतन गेले, कामाची वाटणी गेली नाही. ती गावातून शहरात आली, ढोराच्या जागी कचरा आला, बलुत्याच्या जागी ठेका आला. नगरपालिकांच्या सफाई खात्यांत, शवागारांत, स्मशानांत कोणत्या समाजाची माणसे भरती होतात हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. हजेरीपट वाचला तरी पुरे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. याच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. ही संघटित होण्याची वाट मोलाची आहे, आणि तिच्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, पुण्यासारख्या शहरातही घाण आणि मरण यांना पहिला हात लावण्याची पाळी कोणावर येते, हे अपघाताने ठरत नाही.

३

मनाला इजा होते म्हणजे नेमके काय होते?

धोका समोर दिसला की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, भूक आणि झोप बाजूला पडते. ही निसर्गाची योजना आहे आणि ती नसती तर आगीत कोणी शिरू शकले नसते. धोका टळल्यावर शरीराने पुन्हा शांत व्हावयाचे असते. बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत, काही आठवड्यांत ते होतेही. पहिल्या आठवड्यात झोप न लागणे, तेच दृश्य पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, उगीच रडू येणे किंवा रडूच न येणे, याला आजार म्हणण्याची घाई करू नये. भयंकर गोष्टीला माणसाच्या मनाने दिलेले ते माणसासारखे उत्तर आहे.

काहींच्या बाबतीत मात्र शरीर शांत होत नाही. महिना उलटला तरी घटना जणू आता, या क्षणी, पुन्हा घडते आहे असे वाटते. स्वप्नात तेच येते. ती जागा, तो वास, तो आवाज यांपासून माणूस दूर पळू लागतो. दार आपटले तरी दचकतो. बायकामुलांशी बोलावेसे वाटत नाही, माया आटल्यासारखी वाटते, बारीकसारीक कारणाने हात उगारला जातो. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि त्यांनी काम व संसार मोडू लागला, तर वैद्यकशास्त्र त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणते. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने हे निदान आपल्या अधिकृत यादीत घेतले ते १९८० साली. आणि तेही तज्ज्ञांच्या कृपेने नव्हे, तर व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी वर्षानुवर्षे लढा दिला म्हणून. मनाच्या इजेची नोंद व्हावी यासाठीसुद्धा चळवळ लागते, हा त्यातला धडा आहे.

याखेरीज आणखी एक इजा आहे, ती भीतीची नाही, अपराधाची आहे. ‘मी एक हात पुढे केला असता तर?’ ‘दोघांपैकी मी त्यालाच आधी का काढले?’ हा प्रश्न पहिल्या धावणाऱ्याला वर्षानुवर्षे पोखरतो. आणि तिसरी इजा खास आपल्या देशाची आहे. ज्या हातांनी प्रेत उचलले त्या हातांवर पाणी वरून ओतले जाते. ज्याने घर उपसून दिले त्याला उंबऱ्याबाहेर चहा दिला जातो, तोही वेगळ्या कपात. आघातानंतर माणूस सावरतो की ढासळतो हे ठरविण्यात भोवतालच्या माणसांच्या आधाराचा वाटा फार मोठा असतो, हे या विषयावरील संशोधनात वारंवार आढळले आहे. ज्याला आधाराच्या जागी विटाळ मिळतो त्याचे काय होत असेल, याचा हिशेब मानसशास्त्राच्या पाश्चात्त्य पुस्तकांत नाही. तो आपल्यालाच मांडावा लागेल.

४

कोणाला ही इजा अधिक होते, यासंबंधी एका मोठ्या पाहणीचा आधार घेता येतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्कचे जागतिक व्यापार केंद्र कोसळले. तेथे सुटकेचे व ढिगारा उपसण्याचे काम केलेल्या सुमारे २९ हजार माणसांची दोन ते तीन वर्षांनी पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एकंदर १२.४ टक्के माणसांत आघातोत्तर विकाराची लक्षणे आढळली. पोलिसांत हे प्रमाण ६.२ टक्के होते. कोणत्याही संस्थेशी संबंध नसलेल्या, आपणहून धावलेल्या स्वयंसेवकांत ते २१.२ टक्के होते. जे काम आपल्या नेहमीच्या धंद्याचे नाही ते करावे लागलेल्यांनाही धोका अधिक होता.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. पोलीस जन्मतः कणखर आणि स्वयंसेवक जन्मतः हळवा, असा तो अर्थ नाही. पोलिसाला आधी शिकविलेले असते, काय दिसणार याची कल्पना असते, पाळी संपते, मागे खाते असते, पगार चालू असतो, बरोबरीचे सहकारी असतात. आपणहून धावलेल्याला यांतले काहीच नसते. तेव्हा मनाचा कणखरपणा म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातला मोठा भाग तयारीचा आणि व्यवस्थेचा असतो.

आता पुण्याकडे पाहू. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मेले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजकडून आलेल्या पाण्याने अंबिल ओढा फुगला. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसे गेली. ही ठिकाणे मार्केट यार्डापासून लांब नाहीत. अशा रात्री अग्निशमन दल येते, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही येते. त्यांचे काम थोर आहे यात शंका नाही. पण बंब पोचण्याआधीच्या अर्ध्या तासात अंधारात, गळाभर पाण्यात, म्हातारीला खांद्यावर घेऊन निघतात ते शेजारी. दुसऱ्या दिवशी गाळ उपसतात ते सफाई कामगार. न्यू यॉर्कच्या पाहणीत ज्यांना सर्वांत अधिक इजा झाली तेच हे लोक: न शिकविलेले, न नोंदलेले आणि काम संपल्यावर ज्यांना कोणी विचारत नाही असे.

साथीच्या काळात हेच अधिक उघडे पडले. पुण्यात ९ मार्च २०२० रोजी करोनाचे पहिले रुग्ण आढळले. एप्रिलमध्ये मार्केट यार्डाचा बाजार बंद ठेवावा लागला; हमालांची रोजी थांबली. कचरा मात्र थांबला नाही. ज्या घरांवर ‘प्रवेश बंद’चे फलक होते त्या घरांचाही कचरा निघत होता आणि तो कोणीतरी उचलत होते. विद्युतदाहिन्यांवरच्या कामगारांनी, ज्यांना नातेवाईक हात लावावयास धजत नव्हते अशी प्रेते, रात्रंदिवस आत सारली. रोगाची भीती, ती घरी नेण्याची भीती आणि त्यावर शेजाऱ्यांनी टाकलेला बहिष्कार, असे तिहेरी ओझे त्या माणसांनी वाहिले. साथ ओसरली. त्यांपैकी किती जणांना कोणी ‘झोप लागते का’ असे विचारले?

गटाराचे उदाहरण याहून भीषण आहे. एक जण आत उतरतो, वायूने बेशुद्ध पडतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उडी घेतो, तोही जातो, कधी तिसराही. देशभर पुनःपुन्हा घडणाऱ्या या घटनेत तो दुसरा माणूस म्हणजे पहिला धावणाराच होय. हाताने मैला काढण्याच्या कामास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूसाठी १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. हे आवश्यकच होते. पण जो मॅनहोलच्या तोंडाशी दोर धरून उभा होता आणि ज्याच्या हाताला तो दोर हलका लागला, त्या जिवंत राहिलेल्या साथीदाराच्या मनाच्या इजेची नोंद कोणत्या रकान्यात होते?

५

या प्रश्नावर प्रस्थापित समाजाकडे दोन सोयीची उत्तरे आहेत. पहिले उत्तर गौरवाचे. २२ मार्च २०२० रोजी देशभर थाळ्या वाजल्या, सफाई कामगारांना ‘करोना योद्धा’ ही पदवी मिळाली, कोठे कोठे त्यांच्यावर फुले पडली. गौरवाला कोणाची हरकत नाही. पण ज्याला योद्धा म्हटले त्याला दुखल्याची तक्रार करता येत नाही. घाणकामाला पवित्र सेवा म्हणून डोक्यावर घेण्याच्या गांधीजींच्या भूमिकेवर बाबासाहेबांनी १९४५ साली जी कडक टीका केली, तिचे मर्म हेच होते: सेवेचा गौरव करून तिची मजुरी आणि तिच्यातून सुटका, हे दोन्ही विषय टाळता येतात.

दुसरे उत्तर दूषणाचे. ‘ही माणसे पितात.’ शवागारात, गटारावर, स्मशानात काम करणारे पुष्कळ जण पितात, हे खरे आहे. ‘घेतल्याशिवाय हे काम होत नाही’ हे वाक्य कार्यकर्त्यांनी अनेकदा ऐकलेले असेल. ज्याला वास विसरावयाचा आहे, झोप यावी असे वाटते आणि डॉक्टरकडे जाण्याची सवड, पैसा व सवय नाही, तो स्वतःच स्वतःला दिलेले औषध म्हणून दारू घेतो. औषध म्हणून ती वाईट आहे: झोप तुटक होते, उदासी वाढते, मार खाते ती बायको, आणि मजुरी गुत्त्यात जाते. व्यसनमुक्तीचे काम झालेच पाहिजे. परंतु दारूमागची इजा न पाहता केवळ दारूवर व्याख्यान देणे म्हणजे पोते पाठीवर तसेच ठेवून हमालाला ताठ उभे राहण्याचा उपदेश करणे होय.

आपल्या चळवळीतही या बाबतीत एक अडचण आहे. आपण लढाऊपणाला मोठी किंमत दिली, आणि ती रास्तच होती. त्यामुळे ‘मला भीती वाटते’, ‘मला झोप येत नाही’ असे म्हणणे कमीपणाचे वाटू लागले. पुण्यात तर ‘येरवड्याला जा’ ही शिवीच आहे. मनाचा दवाखाना म्हणजे वेड्यांचे इस्पितळ हा समज जोवर आहे, तोवर दुखणे अंगावर काढले जाईल, नाहीतर देवऋष्याकडे जाईल. देवऋष्याकडे जाणाऱ्याला हसण्याआधी, त्याला जाण्यासारखी दुसरी जागा आपण दाखविली होती का, हे विचारावे.

६

मग करावयाचे काय? आधी जे करू नये ते सांगतो. १९८३ साली अमेरिकेत, स्वतः अग्निशमन व रुग्णवाहिकेचे काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी एक पद्धत मांडली. मोठ्या घटनेनंतर सर्वांना एकत्र बसवावयाचे आणि प्रत्येकाने काय पाहिले, काय वाटले ते बोलावयाचे. ती जगभर पसरली. पुढच्या अभ्यासांत असे दिसले की, अशी एकाच बैठकीची, सर्वांना सक्तीची पद्धत पुढचा विकार टाळीत नाही. काहींना उलट अपाय करते. म्हणून पुरातून आलेल्या पोराला त्याच रात्री मंडळात उभे करून ‘सांग, काय काय पाहिलेस’ असे विचारू नये. मोबाइलवरचे प्रेतांचे फोटो फिरवू नयेत. वार्ताहराला त्याच्यापुढे आणून बसवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण थरथरतो आहे, कोण गप्प झाला आहे, कोणाला कोरडे कपडे आणि गरम जेवण हवे आहे, हे पाहा. बोलावयाचे असेल तर ऐका. नसेल तर नुसते शेजारी बसा. आणि मग त्याला घरच्यांशी, साथीदारांशी, लागल्यास डॉक्टरशी जोडून द्या. हे करावयास पदवी लागत नाही. शिक्षक, विद्यार्थी, वस्तीतील कार्यकर्ती, टोळीचा मुकादम, कोणालाही ते जमते.

काम चालू असतानाच्याही काही साध्या गोष्टी आहेत. नव्या माणसाला काय दिसणार आहे हे आधी सांगावे. माहीत असलेले दृश्य कमी इजा करते. प्रेते हाताळणाऱ्यांची पाळी लहान ठेवावी व माणसे बदलती ठेवावीत. एकट्याला पाठवू नये. मुलांच्या प्रेतांसाठी, स्वतःला त्याच वयाची मुले असलेल्या माणसाला शक्यतो लावू नये. मृताच्या खिशातील पत्रे, फोटो पाहत बसू नये. त्यांतून अनोळखी प्रेत ओळखीचे माणूस होते आणि मनात घर करते. हातमोजे, साबण, आंघोळीची जागा आणि बसून जेवण्याची जागा ही मानसिक आरोग्याचीही साधने आहेत, कारण त्यांतून ‘तू माणूस आहेस’ हे सांगितले जाते.

मार्केट यार्डात याकरिता एक तयार साधन आहे: टोळी. टोळीत कोणाची पाठ धरली आहे, कोण आज पोते घेऊ शकणार नाही, हे न सांगता सर्वांना कळते आणि त्याचे काम बाकीचे सांभाळून घेतात. हीच नजर मनाकडे वळवावयाची आहे. आठवड्याने जाणत्याने बाजूला घेऊन विचारावे, ‘काय रे, झोप लागती का? जेवण जातं का? घरी धुसफूस वाढलीय का?’ महिन्याने पुन्हा विचारावे. उत्तर ‘नाही बा’ असेच येत राहिले, किंवा ‘जगून काय करायचं’ असे शब्द तोंडून निघाले, तर त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे. त्याला नुसते पाठवू नये. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा आकडा हमालभवनाच्या, स्वच्छतेच्या कोठीच्या आणि बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

७

साथीदाराच्या मायेने सुरुवात होते, पण तिच्यावर सगळे सोपवून शासन आणि मालक यांना मोकळे सोडता येणार नाही. इजा जर कामामुळे झाली असेल, तर उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी कामाच्या खात्यावर पडली पाहिजे. हे तत्त्व शरीराच्या इजेबाबत केव्हाच मान्य झाले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात व्यावसायिक रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा तीत होती, पाऱ्याची होती. मनाच्या विकाराचे नाव नव्हते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील यादीही त्याच वळणाची आहे. उलट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या आपल्या यादीत आघातोत्तर तणाव विकाराचा स्पष्ट समावेश केला आहे. अमेरिकेने २०११ च्या आरंभी लागू केलेल्या झाड्रोगा कायद्याने व्यापार केंद्राच्या ढिगाऱ्यावर राबलेल्यांना मनाच्या आजारांसह उपचार दिले, आणि त्यात सफाईचे काम केलेले कामगारही धरले. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आपल्या देशातही कायद्याची एक पायरी चढून झाली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे असे सांगितले. पण हक्क कागदावरून उतरतो तो संघटनेच्या खांद्यावरून.

आणि येथेच मार्केट यार्डाचा इतिहास कामी येतो. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात उभी राहिलेली हमाल पंचायत आणि पुढे १९६९ चा माथाडी कायदा यांनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर काम करणारा, ज्याचा ठरावीक मालकच नाही असा मजूरसुद्धा भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि भरपाई मिळवू शकतो. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरावयाची आणि मंडळाने ती कामगारांच्या कल्याणावर खर्च करावयाची, ही ती युक्ती. १९७४ साली सुरू झालेल्या ‘कष्टाची भाकर’ने स्वस्त आणि पोटभर जेवण हाही संघटनेचा विषय आहे हे दाखविले. ज्या संघटनांनी पाठीचा आणि पोटाचा प्रश्न हाती घेतला त्यांनीच मनाचा प्रश्न हाती घ्यावा, हे ओघानेच येते.

त्या दृष्टीने मागण्या स्पष्ट मांडता येतील. आपत्तीत, साथीत किंवा प्रेतांशी संबंधित काम केलेल्या प्रत्येकाची, ठेक्यावरचा असो वा स्वयंसेवक, नावानिशी नोंद व्हावी. नोंद नाही तर हक्क नाही. अशा कामानंतर भरपगारी विश्रांती मिळावी. एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने मनाची तपासणी व्हावी, ती गुप्त राहावी आणि तिच्यावरून कोणाचे काम जाऊ नये. माथाडी मंडळे, महापालिका आणि ठेकेदार यांच्या करारांत उपचाराच्या खर्चाचे कलम असावे. आघातोत्तर विकार व्यावसायिक रोगांच्या यादीत यावा. आणि गटारात माणूस उतरविणे थांबावे. कारण जी इजा टाळता येते तिच्यावर उपचार मागत बसणे हा शहाणपणा नव्हे.

८

१४ एप्रिल हा दिवस आपण बाबासाहेबांची जयंती म्हणून पाळतो. त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक मेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आहे. त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या दोन आठवणी दरवर्षी एकाच दिवशी शेजारून जातात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

त्यांची ओळख करून देणे आपल्या हातात आहे. जयंतीच्या व्यासपीठावर जवळच्या अग्निशमन केंद्रातील जवान, वस्तीतल्या सफाई कामगार बाया, स्मशानातला कामगार आणि १०८ चा चालक यांना बोलवावे. हारतुरे थोडके ठेवावेत. त्यांच्या पाळ्या किती तासांच्या आहेत, रजा मिळते का, झोप लागते का, हे विचारावे आणि उत्तरे लिहून घ्यावीत. अशा दहा वस्त्यांतील उत्तरे एकत्र केली तर ती निवेदनाला जोडता येतील आणि महापालिकेच्या, मंडळाच्या टेबलावर ठेवता येतील. पोत्याचे वजन कमी झाले ते हमालांनी काटा मागितला म्हणून. मनाच्या ओझ्यासाठी अजून काटा नाही. तोवर मोजमाप आपल्यालाच सुरू करावे लागेल.